रहीम साब : शाळामास्तर, असोसिएशनचे सेक्रेटरी आणि भारतीय फुटबॉलचे गुरू

आदिलाबाद : सय्यद अब्दुल रहीम (जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद, निधन ११ जून १९६३) हे जुन्या हैदराबाद संस्थानातले फुटबॉलपटू, पेशाने शिक्षक, हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी आणि भारतीय संघाचे आजवरचे सर्वांत यशस्वी प्रशिक्षक. हैदराबादेत आजही त्यांना ‘रहीम साब’ म्हणूनच ओळखतात. २०२४ मध्ये आलेला अजय देवगणचा ‘मैदान’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे. पण सिनेमात कोच जास्त दिसतो, मास्तर आणि सेक्रेटरी कमी. म्हणून ही नोंद.

रहीम साब शिकले उस्मानिया विद्यापीठात. १९१८ साली सुरू झालेलं हे उर्दू माध्यमाचं विद्यापीठ. आदिलाबाद असो, नांदेड असो की बीड, या पट्ट्यातल्या पोरांना पुढचं शिक्षण घ्यायचं तर उस्मानिया हाच मोठा आधार होता. मराठवाडा विद्यापीठ यायला १९५८ साल उजाडलं. उस्मानियाच्या संघातून रहीम साब खेळले, नंतर कमर क्लबकडून. चेंडूवर ताबा चांगला, डोकं शांत, असा त्यांचा लौकिक होता.

पदवी घेतल्यावर त्यांनी शाळामास्तरकी धरली. काचीगुड्याची मिडल स्कूल, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाची चावी इथे आहे. वर्गात चुकलेलं गणित पुन्हा पुन्हा सोडवून घेतात, तसं ते मैदानावर करून घ्यायचे.

१९४३ च्या सुमारास ते असोसिएशनचे सेक्रेटरी झाले. अध्यक्ष होते एस. एम. हादी, टेनिसमधले ऑलिम्पिकपटू, शिवाय रणजी क्रिकेट खेळलेले. रहीम साबांनी ते पद शेवटपर्यंत सांभाळलं. सेक्रेटरी म्हणजे नुसता पत्रव्यवहार आणि पावत्या असं आपण धरून चालतो. कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे मला पावत्यांचं महत्त्व कमी वाटत नाही. पण या माणसाने स्पर्धेचे नियमच असे आखले की खेळाडू आपोआप शिकत गेले. ड्रिबलिंग बंद असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू जवळ ठेवायचा नाही, आला की लगेच पुढे द्यायचा. कमकुवत पायाने खेळायची सवय लावली. दोन्ही पाय चालणारा, झटपट पास देणारा हैदराबादी खेळाडू त्यातून तयार झाला. सिकंदराबादच्या अम्मुगुड्यात राहणाऱ्या तुलसीदास बलराम या गरीब पोराकडे सरावाला यायला पैसे नव्हते, तर भाड्याच्या सायकलचे पैसे रहीम साबांनी दिले. तोच बलराम पुढे दोन ऑलिम्पिक खेळला.

१९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली आला. त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. संतोष ट्रॉफीही हैदराबादने लागोपाठ दोनदा, १९५६-५७ आणि १९५७-५८ ला आणली. दोन्ही वेळा फायनलला समोर बॉम्बेचा संघ होता.

भारतीय संघाबरोबरचा हिशेब असा : १९५१ ला दिल्लीच्या आशियाई खेळांत इराणला १-० ने हरवून सुवर्ण. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार. आपले बरेच खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते, त्यानंतर बूट सक्तीचे झाले. त्या पराभवातून रहीम साब शिकले. हंगेरीसारखं, मधला फॉरवर्ड थोडा मागे ठेवून खेळायची पद्धत त्यांनी भारतात आणली. ब्राझीलने ती आपल्याकडून उचलली असं सांगणारेही भेटतात; ते जरा अतीच. पण रहीम साब काळाच्या मागे नव्हते, एवढं नक्की.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके तिकडे जोडले गेले, आपण आंध्र प्रदेशात आलो. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये रहीम साबांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. मूळ गोव्याच्या आसगावच्या नेव्हिल डिसोझाने हॅट्ट्रिक केली. संघात हैदराबादी पोरं बरीच होती. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्याच्या पुढे आपण अजून गेलेलो नाही. १९६० च्या रोममध्ये फ्रान्सला १-१ असं रोखलं, आणि त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये दिसलाच नाही.

शेवटचा अंक जकार्ता, १९६२. रहीम साबांना कॅन्सर झालेला. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, ०-२ हार. मग थायलंड ४-१, जपान २-०. थायलंडच्या सामन्यात बचावपटू जर्नैलसिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. रहीम साबांनी त्याला बाहेर बसवण्याऐवजी सेमीफायनलला थेट सेंटर फॉरवर्ड केलं! त्याने गोल केला, दक्षिण व्हिएतनामवर ३-२ ने विजय. इस्रायल आणि तैवानला खेळू न दिल्यावरून भारतीय पदाधिकारी सोंधी बोलले होते, म्हणून जकार्तावासी चिडलेले. ४ सप्टेंबरच्या फायनलला स्टेडियमभर भारताविरुद्ध आरडाओरडा होता. पुन्हा समोर दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला पट्टी असलेला जर्नैल, दोघांचे गोल; २-१. आशियाई खेळांतलं भारताचं फुटबॉलमधलं ते शेवटचं सुवर्ण.

नऊ महिन्यांनी रहीम साब गेले. वय ५३. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात २२ वर्षांनी. आंध्र प्रदेशने १९६५-६६ ला संतोष ट्रॉफी एकदा जिंकली. तोही त्यांनी लावलेल्या झाडाचाच मोहर म्हणायचा. नंतर शहरातला हा खेळ उतरणीला लागला. एकच माणूस कोच, सेक्रेटरी आणि निवडीतला जाणकार असला की तो आहे तोवर काम झपाट्याने होतं आणि तो गेला की खुर्च्या तेवढ्या उरतात. हैदराबादेत तसंच झालं.

त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या ऑलिम्पिक संघात होते. हवाई दलात स्क्वाड्रन लीडर, नंतर फिफाचे पंच, प्रशिक्षक. त्यांना २०१७ चा ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २२ ऑगस्ट २०२१ ला त्यांचं कलबुर्गीत, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातल्याच गुलबर्ग्यात, निधन झालं.