झोळीपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत



आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे, पण राजांचा आणि लढायांचा नाही. आपल्या डोंगरातलं एखादं पोर झाडावरून पडलं, चुलीवर भाजलं, किंवा जन्मतःच पाय वाकडा, ओठ फाटलेला घेऊन आलं, तर त्याला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरापर्यंत पोचायला पूर्वी किती वेळ लागायचा, आता किती लागतो आणि मधला वेळ कशाने कमी झाला, याचा हा इतिहास आहे. त्यातला थोडा भाग आपल्या बचत गटाचाही आहे. तो मी शेवटी सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते. मी चौथीत होते. आमचूरचा हंगाम होता. आपल्याकडे कैऱ्या उतरवायला पोरं चढतात, कारण ती हलकी असतात, शेंड्यापर्यंत जातात. माझा सात वर्षांचा चुलतभाऊ असाच चढला, फांदी मोडली आणि तो कोपरावर पडला. पाड्यातल्या एका जाणत्या बाबांनी बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट बांधला. त्यांनी मनापासून केलं, त्या वेळी दुसरं होतं कोण? रात्रभर पोरगा रडला. सकाळी बोटं सुजून निळी पडली. दुपारी रडणं थांबलं. आम्हाला वाटलं, आराम पडला. खरं तर बोटं बधिर झाली होती.

तिसऱ्या दिवशी त्याला झोळीत घातलं. बांबूला गोधडी बांधली, दोघांनी खांदा दिला, तीन टेकड्या उतरून रस्ता आणि मग जीप. डॉक्टर म्हणाले, हाड मोडल्यामुळे एवढं झालं नाही, पट्टीमुळे झालं. रक्त जायचं बंद झालं की सहा तासांत आतलं मांस मरायला लागतं. हात राहिला, पण बोटं कायमची आखडली. आज तो दोन पोरांचा बाप आहे आणि बैलाचा कासरा डाव्या हाताने धरतो.

आता त्या काळचा नकाशा बघा. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा तोडला गेला. आपण पश्चिमेत आलो आणि आपलं मुख्य ठिकाण झालं धुळे. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे नव्वद वर्षांहून जास्त काळ अक्राणी-अक्कलकुव्याच्या माणसाचा जिल्ह्याचा दवाखाना धुळ्यात होता. धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८९ चं. ज्यांना जमायचं ते रेल्वेने सुरतेला जायचे. बाकीचे घरीच राहायचे.

त्यात लहान मुलांचं ऑपरेशन ही आणखी वेगळी गोष्ट. मूल म्हणजे छोटं केलेलं मोठं माणूस नाही. दहा किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाऊण लिटरच्या आसपास रक्त असतं. आपल्या अंगातून कपभर रक्त गेलं तर आपण उठून बसतो, बाळाच्या अंगातून तेवढंच गेलं तर जीव धोक्यात येतो. त्याचं अंग लवकर गार पडतं. भूल वजनावर मोजून द्यावी लागते. म्हणून मुलांचे सर्जन वेगळे शिकावे लागतात. मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, वाडिया कुटुंबाने आपल्या आईच्या, बाई जेरबाईंच्या नावाने मुलांचं रुग्णालय उभारलं ते १९२९ साली. देशातल्या बालशल्यचिकित्सकांची, म्हणजे मुलांच्या सर्जनांची, संघटना झाली १९६५ साली. हे सगळं मोठ्या शहरांत घडलं. सातपुड्यातल्या आईला वाडियाचं नावसुद्धा माहीत असायचं कारण नव्हतं.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन बायांनी बाळंतपणात बाया का मरतात याचा अभ्यास मांडला. त्यांनी सांगितलं, उशीर तीन प्रकारचा असतो. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा उशीर वाटेत. तिसरा उशीर दवाखान्यात पोचल्यावर. आशाताईंनी प्रशिक्षणात हे ऐकलं असेल. मला वाटतं, हे तीन उशीर पोरांच्या बाबतीतही तसेच्या तसे लागू आहेत. आपल्या जिल्ह्याचा इतिहास या तीन उशिरांनी वाचता येतो.

दुसऱ्या उशिरापासून बघू, वाटेच्या. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं आली. जी माणसं नर्मदेच्या काठावर वर सरकून राहिली, त्यांची जुनी वाट पाण्यात गेली. तिथे दवाखाना बोटीतून न्यावा लागला. पाण्यावरचा तरंगता दवाखाना हा आपल्याकडे काही नवलाचा शब्द नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावहून तळोद्याला उतरायची वाट बंद होते, हेही आपण सोसलेलं आहे. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ नंबरची रुग्णवाहिका आली. राज्यभर ९३७ गाड्या, प्रत्येकीत डॉक्टर, पैसे लागत नाहीत. पाड्यापर्यंत गाडी चढत नाही, फोनला रेंज शोधायला टेकाडावर जावं लागतं, झोळी अजून सुटलेली नाही, हे सगळं खरं. पण पूर्वी झोळी पार जीप मिळेपर्यंत आणि मग पैसे मिळेपर्यंत चालायची. आता ती पहिल्या डांबरी रस्त्यापर्यंत चालते. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

तिसरा उशीर, दवाखान्यातला. त्यात दोन गोष्टी असतात, पैसा आणि डॉक्टर. पैशाचं सांगते. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात धुळे होतं, आपण नव्हतो. आपल्यासकट सगळ्या राज्याला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे, आता पाच लाखांपर्यंत मिळतात. मुलांची ऑपरेशनं त्यात बसतात. रेशन कार्ड जपून ठेवा म्हणून मी प्रत्येक बैठकीत ओरडते ते याच्यासाठी.

जन्मतः व्यंग असलेल्या मुलांसाठी २०१३ साल महत्त्वाचं. त्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते. फाटलेला ओठ, वाकडा पाय, हृदयाचं छिद्र, डोळ्यातला जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा हे शोधायचं आणि पुढे पाठवायचं, हे तिचं काम. आणि २०२० साली नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. अवघड ऑपरेशनला अजूनही धुळे, नाशिक, मुंबई गाठावी लागते. पण पूर्वी पहिली पायरीच धुळ्याला होती.

आता उरला पहिला उशीर, घरातला. तो कोणत्याही सरकारी आदेशाने कमी होत नाही. इथे माझी चूक सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातली सगळ्यात लहान सून संध्याकाळी माझ्याकडे आली. नवरा गुजरातला ऊसतोडीला. आठ महिन्यांचं बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं गप्प, मग परत किंचाळायचं. उलट्या होत होत्या. तिला तीन हजार रुपये हवे होते. मी म्हटलं, "उद्या बैठक आहे, ठराव घेऊ, सगळ्यांच्या सह्या होतील, मग देते." नियमाला धरूनच बोलले. गाडी फुकट आहे हे तिलाही माहीत होतं. पण तिथे राहायचं, खायचं, परत यायचं कशाने? हातात पैसा नाही म्हणून ती गेलीच नाही. सासूने भगताला बोलावलं. सकाळी बाळाला लाल, शेंबडासारखी शी झाली. दुपारी आम्ही पैसे दिले. रात्री शहरात ऑपरेशन झालं. आतड्यात आतडं शिरलं होतं आणि त्यातला तुकडा सडला होता. तो कापावा लागला. बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतं तर बहुतेक पोट न फाडता, नळीतून दाब देऊन आतडं सरळ करता आलं असतं.

त्या रात्री मला चुलतभावाची निळी बोटं आठवली. तेव्हा उशीर करणारी माणसं अडाणी होती, असं मी इतकी वर्षं म्हणत आले होते. या वेळी उशीर करणारी बी.ए. झालेली होती आणि तिच्या हातात इतिवृत्ताची वही होती.

पुढच्या बैठकीत आम्ही नियम बदलले. पाच हजार रुपये तातडीच्या पेटीत वेगळे ठेवले. किल्ल्या दोन, दोन वेगवेगळ्या पाड्यांतल्या बायांकडे, कोणतीही एक उघडू शकते. पोराच्या दुखण्याला आधी पैसे, ठराव नंतर. त्यावर व्याज नाही. आणि आईबरोबर गटातली एक बाई जाते, दुसरी तिची घरची पोरं आणि शेळ्या बघते. आतापर्यंत ती पेटी सात वेळा उघडली. सगळे पैसे परत आले.

त्यातलं एक पोर जन्मतः वाकड्या पायाचं. तपासणीच्या गाडीने अंगणवाडीत ओळखलं. अशा पायाला बहुतेक वेळा मोठं ऑपरेशन लागत नाही. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, टाचेच्या शिरेला छोटासा छेद, मग काही वर्षं रात्री खास बूट. उपचार फुकट होता. दर आठवड्याचं भाडं फुकट नव्हतं. ते पेटीने दिलं. यंदा होळीला ते पोर ढोलामागे धावत होतं.

म्हणून आज चार गोष्टी लक्षात ठेवा. हात मोडला तर आधाराला फळी द्या, पण आवळून बांधू नका. बोटं गार, निळी किंवा बधिर झाली तर पट्टी लगेच सोडा आणि निघा. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, हळद नको, टूथपेस्ट नको. बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, हिरवी उलटी किंवा लाल शी करत असेल, जांघेतली गाठ कडक झाली असेल, तर सकाळची वाट बघू नका. आणि नवऱ्याचा फोन लागत नाही म्हणून थांबू नका, दवाखान्यात आईची सही चालते.

रस्ता, गाडी, योजना, कॉलेज यायला आपल्याला शंभर वर्षं लागली. घरातला उशीर कमी करायला एक बैठक पुरते. तुमच्या गटाची पुढची बैठक कधी आहे? त्या दिवशी हा विषय घ्या. आणि पेटीची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवली ते आम्हाला कळवा.

राम राम. जोहार.