इक्मिक कुकराची कुळकथा

आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात यंदा जुन्या गृहोपयोगी वस्तूंचे छोटेखानी प्रदर्शन मांडण्याचे कार्यकारी मंडळाने ठरविले, तेव्हा आमच्या घरच्या माळ्यावरून एक पितळी डबा खाली उतरला. उंची सुमारे दीड हात, दोन्ही बाजूंस कड्या, आत एकावर एक बसणारे चार पुडे आणि तळाशी कोळशाची चिमुकली शेगडी. तरुण मंडळींनी त्यास जेवणाचा डबा समजून बाजूस सारले. वडीलधाऱ्यांनी मात्र पाहताक्षणीच नाव घेतले : इक्मिक कुकर! या वस्तूची माहिती चार ओळींत लिहून द्यावी, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. चार ओळींत ती बसेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

मंदाग्नीवर अन्न शिजविण्याची कला आपल्या घरांना नवी नव्हती. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी चाले आणि शेजारच्या वैलावर वरणाचे भांडे आपल्या गतीने रटरटत राही. दूध गोरशीवर तापत असे. साय धरावी ती त्याच दुधाने. परंतु चूल, वैल आणि गोरशी या तिन्हींना गृहिणी लागते. विस्तव राखणारे माणूस घरात आहे, हे त्या सगळ्या पाकशास्त्राचे गृहीतकृत्य होते. एकटा पुरुष नोकरीसाठी वा शिक्षणासाठी शहरात गेला म्हणजे ते गृहीतकृत्यच कोसळे.

ही अडचण कलकत्त्यातील एका बहुश्रुत गृहस्थाने सोडविली. त्यांचे नाव इंदुमाधव मल्लिक. जन्म १८६९, मृत्यू १९१७. तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, कायदा आणि वैद्यक अशा एकमेकांस न ओळखणाऱ्या विद्या या एका माणसाने आत्मसात केल्या होत्या. जुन्या अकरावीपर्यंत मजल गेलेल्या आम्हांसारख्यास हे वाचूनच दम लागतो. त्यांनी १९१० साली हा कुकर सिद्ध केला. 'हायजिनिक' आणि 'इकॉनॉमिक' या दोन इंग्रजी शब्दांच्या शेपट्या जुळवून त्याचे नाव झाले, असे सांगतात. आरोग्य आणि काटकसर हे दोन्ही हेतू त्या नावात आले.

त्याची रचना शाळेत शिकविण्याजोगी आहे. बाहेरच्या नळकांड्यात तळाशी थोडे पाणी असते. खालच्या निखाऱ्यांनी त्याची वाफ होते आणि ती पुड्यांभोवती खेळते. पाणी शिल्लक आहे तोवर आतील उष्णता शंभर अंशांपलीकडे जात नाही, म्हणून काही करपत नाही आणि ढवळणाऱ्याची गरज उरत नाही. आमचे आजोबा सकाळी खालच्या पुड्यात तूरडाळ, त्यावर तांदूळ, त्यावर बटाटे किंवा दुध्याच्या फोडी रचीत, मोजके लोणारी कोळसे पेटवीत आणि स्नानसंध्येला जात. कोळसे आपोआप विझत तोवर डाळ लोण्यासारखी झालेली असे. फोडणी मात्र या यंत्रात होत नाही. आजी पुढे मुंबईस बिऱ्हाड करून आल्यावर तिने पहिल्याच दिवशी निकाल दिला की हे आजाऱ्याचे जेवण आहे!

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. आमचे आजोबा पहिल्या महायुद्धानंतर गिरगावात राहावयास आले, तेव्हा चाळीपासून हाकेच्या अंतरावर खानावळी होत्या. पैशाचा हिशेब केला तरी कुकर फारसा स्वस्त पडत नसावा. तरीही त्यांनी तो घेतला तो परक्या हातचे अन्न पोटात जाऊ नये म्हणून. घरातील स्त्री महिन्याचे तीन दिवस बाजूस बसे, तेव्हाही हाच कुकर बाहेर निघे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांत हीच कथा थोड्याफार फरकाने ऐकावयास मिळेल. 'आजोबांनी बारा वर्षे परक्याच्या हातचा घासही घेतला नाही' हे वाक्य आम्ही संमेलनात अभिमानाने उच्चारले आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. शाळेत मुलांसमोरही ते आम्ही उच्चारले. वर्गात कोणाकोणाची मुले बसली होती याचा विचार त्या वेळी आमच्या मनास शिवला नाही.

तो विचार आणून दिला या कुकराच्याच इतिहासाने. मल्लिकांना ही कल्पना पुरीच्या जगन्नाथमंदिरात सुचली, असे सांगितले जाते. तेथील रोसघरात मातीची भांडी एकावर एक रचून लाकडांच्या जाळावर अन्न शिजवितात. सर्वांत वरचे मडके आधी शिजते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याविषयी विज्ञानशिक्षकाने मौन पाळणे बरे. (तेथे बटाटा वर्ज्य आहे, आजोबांच्या कुकरात तो नित्य असे.) देवास आणि नंतर विमलादेवीस दाखविलेले हे अन्न महाप्रसाद होऊन आनंदबाजारात येते, आणि तेथे ते जातिभेद न पाळता एकत्र बसून खाण्याचा प्रघात फार जुना आहे. ज्यांना मंदिराच्या दारातच अडविले गेले, त्यांची व्यथा या प्रघाताने पुसली जात नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु जी चूल निदान पंक्तीतला भेद मानीत नव्हती, तिच्यावरून सुचलेले भांडे आम्ही विकत घेतले ते पंक्ती टाळण्यासाठी! हे कळल्यावर आमचे ते वाक्य आमच्याच घशात अडकले.

मल्लिकांवर यात दोष येत नाही. त्यांनी नावातच आपला हेतू सांगितला होता. वस्तूचा उपयोग तिचा मालक ठरवितो.

पुढे १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे प्रेशर कुकर आपल्या देशात बनू लागले, आणि जे काम दोन तासांचे होते ते तीन शिट्ट्यांवर आले. इक्मिक माळ्यावर गेला. कल्हईवाल्याची आरोळी थांबल्यावर तर तो खाली येण्याची आशाही संपली.

परंतु मंदाग्नी परत आला आहे. आमच्या सूनबाईंनी विजेवर चालणारा 'स्लो कुकर' आणला, आणि त्याचे मूळ शोधता पुन्हा धर्मनियमापाशीच येऊन ठेपलो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवू नये, असा यहुदी लोकांचा नियम. त्यामुळे पूर्व युरोपातील यहुदी गृहिणी शुक्रवारीच घेवडा, जव, बटाटे व मांस यांचे भांडे पावाच्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवीत. या पदार्थास चोलंट म्हणतात. शनिवारची ही विश्रांती आपल्या कोकणास अपरिचित नव्हे. तेथील बेने इस्राएल बांधव त्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. अमेरिकेतील अर्विंग नॅक्सन यांनी व्हिल्ना येथील चोलंटची हकिकत आपल्या आईकडून ऐकली होती. त्यावरून त्यांनी विजेचे भांडे तयार केले आणि १९४० साली त्याचे पेटंट मिळविले. त्यांचा कारखाना १९७० साली रायव्हल कंपनीने घेतला व १९७१ पासून तेच भांडे 'क्रॉक-पॉट' नावाने विकले जाऊ लागले. नोकरीस जाणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले. विस्तवास हात न लावण्याची सोय अशी दिवसभर घराबाहेर असणारीच्या कामी आली.

भगिनींच्या सोयीसाठी आमच्या घरचा अनुभव सांगतो. काळे वाटाणे रात्री भिजवून सकाळी त्यात ठेवले तर संध्याकाळपर्यंत उसळ मुरते. पाणी आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा कमी घालावे. फोडणी व वाटण वेगळे परतूनच घालावे. आजीचा निकाल येथेही लागू आहे. राजमा मात्र कच्चा कधीही घालू नये. या भांड्याच्या मंद उष्णतेने त्यातील विषारी द्रव्य नष्ट होत नाही. पाच-सहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा, आणि मगच तो कुकरात घालावा.

प्रदर्शनातील पितळी कुकराखाली लावण्याची चिठ्ठी आम्ही लिहून दिली आहे. 'इक्मिक कुकर. कल्पक : डॉ. इंदुमाधव मल्लिक, कलकत्ता, १९१०. कल्पनेचे मूळ : जगन्नाथपुरीचे रोसघर, जेथील महाप्रसाद सर्व जाती एकत्र खातात. आमच्या घरी तो परक्या हातचे अन्न टाळण्यासाठी वापरला गेला.' शेवटचे वाक्य गाळावे, असे एका सन्मित्राने सुचविले. ते राहू द्यावे, अशी आमची चिटणिसांना विनंती आहे.