दिनविशेष : ११ मे १९५३ – वेको शहरावरील टोर्नेडो

अमेरिकेच्या टेक्सास संस्थानात ब्राझोस नदीच्या तीरी वसलेल्या वेको शहरास टोर्नेडोचा उपसर्ग कधी व्हावयाचा नाही, असा जो समज तेथील आदिवासींच्या नावे चालत आलेल्या दंतकथेच्या आधारे नागरिकांत रूढ होता, तो १९५३ साली आजच्या तारखेस, सायंकाळी साडेचारच्या सुमारास, काही मिनिटांत धुळीस मिळाला. पावसापासून बचाव व्हावा म्हणून भर पेठेतील दुकानांच्या आश्रयास जे गेले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या मस्तकावर त्याच विटांच्या जुन्या इमारती कोसळल्या, ही त्या दिवसाची सर्वांत क्रूर बाब म्हटली पाहिजे. डेनिस फर्निचर कंपनीची ५ मजली वास्तू जमीनदोस्त होऊन एकट्या तिच्याखाली सुमारे ३० जण गतप्राण झाले. मात्र जवळचीच पोलादी सांगाड्याची २२ मजली अलिको इमारत हेलकावे खाऊनही उभी राहिली. (दंतकथेपेक्षा पोलाद भरवशाचे, एवढे तरी त्या सायंकाळी सिद्ध झाले!) शहरात एकंदर ११४ माणसे दगावली. या अनर्थानंतरच, वादळाचा सुगावा आगाऊ लागावा या हेतूने, टेक्सासात रडार यंत्रांचे जाळे उभारण्याची तजवीज करण्यात आली.