डावा पाय मातीवर

रविवार, १९ फेब्रुवारी १९२८. गोंदियाकडे धान निघून गेलेल्या बांध्या कोरड्या पडल्या आहेत आणि तुम्ही मात्र लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलात उभे आहात. ठिकाणाचं नाव हाय बीच. 'किंग्ज ओक' हॉटेलच्या मागचं हे मैदान, त्यात जळक्या कोळशाची चुरी पसरलेली लंबगोल वाट. इलफर्ड मोटरसायकल क्लबने शर्यत जाहीर केली होती, पण एवढी माणसं येतील असं क्लबालाही वाटलं नव्हतं. हजारो लोक लोटले आहेत. वाटेच्या कडेला दोर बांधलाय, त्याच्या पलीकडे माणूस माणसाला खेटून उभा आहे. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट पाहिलेल्या तुम्हाला ही गर्दी अनोळखी वाटत नाही. मान पुढे, टाच वर, नजर सुरुवातीच्या रेषेवर.

फटफट्या सुटतात. एंजिनाचा आवाज छातीत घुमतो आणि काळी चुरी उडून तुमच्या ओठांवर बसते. बहुतेक स्वार रस्त्यावरच्याच गाड्या घेऊन आलेत. दिवे काढले, मडगार्ड काढले, झाली शर्यतीची गाडी. वळणावर ते बिचकतात. मग ऑस्ट्रेलियातून आलेले बिली गॅलोवे आणि कीथ मॅके मैदानात उतरतात. त्यांच्या देशात असल्या शर्यती आधीपासून होतात. मागचं चाक मुद्दाम घसरवून वळण कसं घ्यायचं, ते लंडनकरांना यांच्याकडूनच शिकायचं आहे.

एक वर्ष पुढे सरका. १९२९ची संध्याकाळ, दिव्यांनी उजळलेलं लंडनचं एक मैदान. तुमच्या पुढ्यात ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडची डग्लस उभी आहे. लांबलचक, बुटकी गाडी. तिचे दोन सिलिंडर आडवे, एक पुढच्या चाकाकडे आणि एक मागच्या चाकाकडे तोंड करून. वजन जमिनीलगत असल्यामुळे ती घसरते, पण सहसा उलटत नाही. हात लावून पाहा, ब्रेक सापडणार नाही. तो लावलेलाच नाही.

त्या वर्षांत इंग्लंडच्या मैदानांवर आयर्लंडची फे टेलर धावते आणि भल्याभल्या पुरुषांना मागे टाकते. तिची शर्यत आत्ताच पाहून घ्या. १९३० साली ब्रिटिश डर्ट ट्रॅकवर स्त्रियांना बंदी घातली जाते. दोर बांधून माणसं वाचवणारा नियम आणि जिंकणाऱ्या बाईला बाहेर काढणारा नियम, दोन्ही याच खेळाने केले. पहिला हवाच होता. दुसरा अन्याय होता.

डग्लसचं राज्य फार टिकत नाही. रज कंपनीची गाडी येते, मग १९३० नंतर टॉटनहॅमच्या जॅप कंपनीचं पाचशे सीसीचं एका सिलिंडरचं एंजिन येतं आणि पुढची कितीतरी वर्षं 'स्पीडवे' म्हणवला जाणारा हा ब्रिटिश खेळ त्याच्याच जोरावर चालतो.

आता अटलांटिक ओलांडा. अमेरिकेत मंदी आहे. खास शर्यतीसाठी गाड्या बांधणं कारखान्यांना परवडत नाही. तेव्हा तिथली मोटरसायकल संघटना 'क्लास सी' नावाची वर्गवारी आणते. गाडी बाजारात विकली जाणारीच हवी. साइड व्हॉल्व्ह एंजिनाला साडेसातशे सीसीची मुभा, ओव्हरहेड व्हॉल्व्हला पाचशेची. साडेसातशेची गाडी म्हणजे घरची हार्ले. पाचशेच्या खणात ब्रिटिश गाडी नेमकी बसते. दुकानातून घेतलेल्या गाडीवर गॅरेजमधला पोरगा विजेता होऊ शकतो, ही त्या नियमाची सगळ्यात मोठी देणगी.

पाचशेच्या त्या खणात जिने सर्वाधिक नाव कमावलं, तिचा जन्म पाहायला ३० जून १९३७ला सरेमधल्या ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर क्षणभर थांबा. वॉल्टर हँडली बीएसए एम्पायर स्टारवरून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी करतो. असा वेग गाठणाऱ्याला तिथे सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळतो. पुढच्याच वर्षी बीएसए त्या बिल्ल्याचं नाव नव्या गाडीला देते, गोल्ड स्टार.

आणि आता १९६० नंतरच्या एका शुक्रवारी रात्री लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनातलं अ‍ॅस्कॉट पार्क. अर्ध्या मैलाची फेरी, म्हणजे सुमारे आठशे मीटर. पाण्याचा टँकर नुकताच फिरून गेलाय आणि ओल्या मातीचा वास दाटला आहे. आज तुम्ही प्रेक्षक नाही. तुमच्या डाव्या बुटाला लोखंडी पत्र्याचा तळ बांधलेला आहे आणि तुम्ही गोल्ड स्टारवर बसला आहात. एक सिलिंडर, ४९९ सीसी. पुढे ब्रेक नाही, मागेही नाही. कोणीतरी मागून ढकलतं, क्लच सुटतो, एंजिन दणका देऊन जागं होतं.

निशाण पडतं. सरळ पट्ट्यावर तुम्ही ताशी शंभर किलोमीटरच्या कितीतरी वर जाता. वळण अंगावर येतं. रस्त्यावर इथे हात ब्रेककडे गेला असता. इथे रेस क्षणभर सोडायची, गाडी डावीकडे झुकवायची, मागचं चाक बाहेर जाऊ द्यायचं. ते जातं. आता हँडल उजवीकडे वळवा, वळण डावीकडे असलं तरी. गाडी आडवी होऊन पुढे सरकते आणि घासणारी मातीच तुमचा वेग खाते. डावा पाय जमिनीवर टेकतो, लोखंडी तळ खरखरत मातीवरून घसरतो. त्या पायावर भार टाकायचा नाही, तोल किती गेला ते त्याच्याकडून समजून घ्यायचं. मग रेस पुन्हा उघडा. गाडी कुठे जाणार हे इथून पुढे तुमचा उजवा हात ठरवतो.

या घडीला तुमचा उजवा पाय गिअरवर मोकळा आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला असे. गोंदियाच्या रस्त्यांवर जुनी बुलेट चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. नव्या गाडीवर बसल्यावर त्याचा उजवा पाय अजून गिअर शोधतो. फेरी कायम डावीकडे वळणारी, डावा पाय कायम मातीवर, आणि गिअरचं काम उजवीकडे. या शर्यतीसाठी कोणी ठरवून केलेली ही मांडणी नव्हती, तरी ती तिथे चपखल बसली.

एका सिलिंडरचाही फायदा आहे. त्यात चाकाच्या बळासाठी एंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत एकच स्फोट होतो. दोन धक्क्यांच्या मधल्या सवडीत टायर पुन्हा माती धरतो, असं जुने स्वार सांगत. मातीही रात्रभर एकसारखी राहत नाही. सुरुवातीला वर भुसभुशीत थर असतो, त्यात चाक रुतवून बाहेरच्या बाजूने जाता येतं. जसजशा शर्यती होतात तसतसा आतल्या बाजूला टायरच्या रबराचा काळा, कडक पट्टा तयार होतो. तो धरायचा की बाहेरची ओली माती, हे प्रत्येक वळणावर ठरवावं लागतं. शंकरपटात बैल हाकणारा धुरकरी धावपट्टीवर चालत जाऊन पायाने जमीन चाचपतो, तेच ज्ञान हे.

याच अ‍ॅस्कॉटवर सॅमी टॅनर नावाचा लहानखुरा स्वार गोल्ड स्टारवरून नाव काढतो. १९६३ साली डिक मान बीएसए आणि मॅचलेस या गाड्यांवर अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता होतो. १९६७ आणि १९६८ला गॅरी निक्सन ट्रायम्फवर, १९७०ला जीन रोमेरो ट्रायम्फवर, १९७१ला पुन्हा मान बीएसएवर. हार्लेच्या घरात जाऊन ब्रिटिश गाड्यांनी मिळवलेले हे मान. पण तोवर बर्मिंगहॅममध्ये बीएसएचा कारखाना डबघाईला आलेला असतो. गोल्ड स्टारचं उत्पादन १९६३लाच थांबलेलं, आणि १९७३ला बीएसएचा मोटरसायकलचा धंदा दुसऱ्या कंपनीत विलीन होतो. गाडी मैदानावर जिंकत होती, दुकानात हरत होती. नव्या जपानी गाड्या तेल गाळत नव्हत्या आणि बटण दाबताच सुरू होत होत्या.

एक घर मात्र विझलं नाही, आणि ते आपल्याकडे आलं. रेडिचच्या रॉयल एनफिल्डकडून भारत सरकारने लष्करासाठी साडेतीनशे सीसीच्या बुलेट मागवल्या. १९५५ला मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० नंतर उरली नाही, मद्रासची बुलेट मात्र निघत राहिली. डीकंप्रेसरचा खटका ओढून, अ‍ॅमीटरचा काटा पाहून किक मारणारे हात गोंदिया, आमगाव, देवरीतल्या मिस्त्र्यांकडे अजून आहेत. जगात ज्या गाड्या संग्रहालयात गेल्या, त्यांची बहीण आपल्या तालुक्याच्या गॅरेजात कामाला आहे. २०२०मध्ये रॉयल एनफिल्डने अमेरिकेच्या 'फ्लॅट ट्रॅक' म्हणजे मातीवरच्या याच शर्यतीत साडेसहाशेचं एंजिन घेऊन जॉनी लुइस या स्वाराला उतरवलं, आणि पुढे भारतातही हिमालयन गाडीवर बेतलेल्या एफटी ४११वर घसरत वळण घ्यायला शिकवणारी 'स्लाइड स्कूल' सुरू केली.

आता परत आजच्या गोंदियात या आणि एका गोष्टीचा सरळ विचार करा. शंकरपटावर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, बैलांना मारहाण न करता पट भरवावा लागतो. नियम आले म्हणून शर्यत उरली. हाय बीचच्या दोरापासून अ‍ॅस्कॉटच्या बिनब्रेकच्या गाड्यांपर्यंत मातीवरच्या शर्यतीचा इतिहास हेच सांगतो. नियमांनी ती टिकते, आणि साध्या, परवडणाऱ्या गाडीमुळे ती सर्वांची राहते.

आपल्या पोरांच्या हातात बुलेट आहे आणि वेगाची भूकही आहे. ती भूक आज राज्य महामार्गावर भागवली जाते, जिथे समोरून ट्रॅक्टर येतो आणि शाळेतली मुलं सायकलवर असतात. एक लहान लंबगोल मातीची वाट, पाण्याचा टँकर, कडेला भक्कम कुंपण, प्रत्येकाला हेल्मेट आणि डाव्या पायाला लोखंडी तळ, एक रुग्णवाहिका आणि देशाच्या मोटर स्पोर्ट महासंघाची रीतसर मान्यता, एवढं पुरतं. मुलींसाठी ती वाट पहिल्या दिवसापासून खुली ठेवा. कोरडी जमीन हिवाळ्यात आपल्याकडे कमी नाही, माती ओळखणारी माणसं गावोगावी आहेत, आणि जुनं ब्रिटिश एंजिन कानाने तपासणारे मिस्त्री अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ही विद्या उचलून घ्या. जी मंडळी पट भरवतात, त्यांनी यंदाच हा विषय बैठकीत घ्यावा.