शारदाश्रम विद्यामंदिर क्रिकेट संघ : १९८७–८८ चा हंगाम

मुंबईच्या दादर भागातील शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेच्या क्रिकेट संघाने प्रशिक्षक रमाकांत विठ्ठल आचरेकर (३ डिसेंबर १९३२–२ जानेवारी २०१९) यांच्या दीर्घकालीन मार्गदर्शनाखाली शालेय क्रिकेटमध्ये अग्रस्थान मिळविले. त्याचा कळस १९८७–८८ च्या हॅरिस ढाल स्पर्धेत पाहावयास मिळाला.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस (कार. १८९०–९५) यांच्या नावाची ही आंतरशालेय स्पर्धा १८९७ पासून खेळली जाते. सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस ढाल व चौदा वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स ढाल (१९०१) या दोन स्पर्धा मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या वतीने होतात. सामने अनेक दिवसांचे असतात. त्यामुळे शाळकरी वयातच मुलांना खेळपट्टीवर दीर्घकाळ टिकून राहण्याची सवय लागते. मुंबईच्या फलंदाजीची जी चिवट म्हणून ख्याती झाली, तिचे मूळ बव्हंशी येथे आहे.

आचरेकर मूळचे मालवणचे. ते स्टेट बँकेत नोकरीस होते. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना असून तो १९६३–६४ मध्ये मोईनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून खेळले. खेळाडू म्हणून हे यश बेताचेच. परंतु शिवाजी पार्कवरील कामत मेमोरियल क्रिकेट क्लब व शारदाश्रम यांच्याद्वारे त्यांनी घडविलेल्या खेळाडूंची मालिका असाधारण आहे. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, अजित आगरकर हे कसोटीपटू त्यांचेच शिष्य होत. जाळ्यातील सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यावर त्यांचा अधिक भर असे. होतकरू मुलाला ते आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथे चालू असलेल्या सामन्यात त्याला फलंदाजीस उतरवीत. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून ते फलंदाजाला बाद करण्याचे आव्हान गोलंदाजांना देत. कोणालाच ते न जमल्यास नाणे फलंदाजाचे होई. स्तुती मात्र ते सहसा करीत नसत. शाळेच्या वरिष्ठ संघाचा अंतिम सामना पाहण्यासाठी स्वतःचा सामना चुकविणाऱ्या सचिन तेंडुलकरला त्यांनी चपराक लगावली होती, हे तेंडुलकरनेच पुढे जाहीरपणे सांगितले आहे.

तेंडुलकर आधी वांद्र्याच्या इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत होता. आचरेकरांच्या सूचनेवरून तो शारदाश्रममध्ये आला. म्हणजे शाळेचा संघ म्हणून जो ओळखला जाई, तो वस्तुतः एका प्रशिक्षकाने जमविलेला संघ होता. हे त्याच्या सामर्थ्याचे रहस्य होते आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या दृष्टीने त्यात थोडा अन्यायही होता.

उपांत्य सामना २३ ते २५ फेब्रुवारी १९८८ या काळात आझाद मैदानावर झाला. प्रतिस्पर्धी सेंट झेवियर्स ही सुनील गावस्कर यांची शाळा. दोन गडी ८४ धावांत बाद झाल्यावर चौदा वर्षांचा तेंडुलकर व सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले आणि त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ६६४ धावांची भागी केली. तेंडुलकर ३२६ व कांबळी ३४९ धावांवर नाबाद राहिले. डाव २ बाद ७४८ धावांवर घोषित झाला. गोलंदाजांत पुढे भारताकडून कसोटी खेळलेला साईराज बहुतुले होता. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार हा पायांना पॅड बांधून शेवटपर्यंत बसून राहिला.

डाव घोषित होण्याची हकिगत उद्‌बोधक आहे. आचरेकर त्या वेळी मैदानावर नव्हते. डाव घोषित करण्याविषयी सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण खुणा करीत असता दोघा फलंदाजांनी तिकडे पाहण्याचेच टाळले. पुढे तेंडुलकरने आचरेकरांना दूरध्वनी करून कांबळीच्या साडेतीनशे धावा पुऱ्या होऊ देण्याची विनंती केली. आचरेकरांनी ती अमान्य केली आणि डाव तत्काळ घोषित करण्यास सांगितले. सामना जिंकण्यास वेळ हवा, एका धावेसाठी तो दवडू नये, असा हा हिशोब होता. त्यानंतर सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला आणि त्यांतील सहा गडी कांबळीनेच ३७ धावांत टिपले. अंजुमन-ए-इस्लामविरुद्धच्या अंतिम सामन्यात तेंडुलकरने नाबाद ३४६ धावा केल्या.

ही भागी तेव्हा क्रिकेटच्या सर्व प्रकारांतील उच्चांक ठरली. नोव्हेंबर २००६ मध्ये हैदराबादच्या सेंट पीटर्स शाळेच्या दोन मुलांनी नाबाद ७२१ धावांची भागी करून तो मोडला. शालेय क्रिकेटमधील अशा प्रचंड धावसंख्यांत दुबळ्या गोलंदाजीचा वाटा मोठा असतो, हे नाकारता येत नाही. दोन दिवस चेंडूमागे धावणाऱ्या मुलांना त्यातून काय लाभते, हा प्रश्नही रास्त आहे. या सामन्याबाबत मात्र पुढील इतिहासानेच बरेचसे उत्तर दिले. तेंडुलकर डिसेंबर १९८८ मध्ये प्रथम श्रेणी पदार्पणातच शतक करून नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीस पहिली कसोटी खेळला. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतके काढली, पण त्याची कसोटी कारकीर्द लवकर संपली. मुझुमदारला प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारतीय संघात स्थान मिळाले नाही. २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा तो प्रशिक्षक होता.

पुढे या स्पर्धेतील खेळाडू उत्तरेकडील उपनगरांपलीकडूनही येऊ लागले. वसई–विरार पट्ट्यातील विरारहून रेल्वेने मुंबईत सरावास येणाऱ्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून हॅरिस ढाल सामन्यात ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या; त्याचे मैदानही आझाद मैदानच होते.

आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार (१९९०) व पद्मश्री (२०१०) हे सन्मान लाभले. शिवाजी पार्कच्या पाचव्या प्रवेशद्वाराजवळ उभारलेल्या त्यांच्या स्मारकाचे अनावरण ३ डिसेंबर २०२४ रोजी झाले.