लाल छत्री आणि सोमाचा तर्क

पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीची गोव्यात वाट पाहिली जाते. तिचीच एक दूरची, विषारी नातलग सैबेरियापासून युरोपपर्यंतच्या थंड अरण्यांत भूर्ज आणि पाइन वृक्षांच्या मुळांशी सख्य करून वाढते. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली ही अमानिता मस्कारिया. दुधात हिचे तुकडे टाकून माशा मारण्याची युरोपीय रीत आल्बर्टस मॅग्नसने तेराव्या शतकातच नोंदवली. लॅटिनमध्ये ‘मुस्का’ म्हणजे माशी. नाव त्यावरूनच पडले.

पूर्वेकडे हिचा उपयोग निराळा होता. पोल्टाव्याच्या लढाईत (१७०९) रशियाच्या कैदेत पडलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग याने १७३० साली कोर्याक लोकांविषयी लिहिले. श्रीमंत लोक ही अळंबी साठवून ठेवीत व नशेसाठी तिचे पाणी पीत; गरीब मात्र बाहेर ताटकळत आणि त्या श्रीमंतांचे मूत्र गोळा करून पीत. ऐकून किळस येईल, पण त्यामागे निरीक्षण होते. अळंबीतील आयबोटेनिक आम्लाचे वाळवल्यावर मस्सिमॉल होते आणि त्याचा काही अंश न बदलता मूत्रातून बाहेर पडतो.

याच हकिकतींवरून अमेरिकन बँकर गॉर्डन वॅसन यांनी १९६८ साली मांडले, की ऋग्वेदातला सोम म्हणजे हीच अळंबी. नवव्या मंडलाची ११४ सूक्ते सोम गातात. त्यांत मूळ, पान, फूल यांचे वर्णन नाही, हा त्यांचा मुद्दा. १९७१ साली जॉन ब्रफ यांनी त्याला उत्तर दिले: सोम वीराला चेतवतो, ही अळंबी गुंगी आणते. एफेड्राच्या बाजूनेही अनेक अभ्यासक आहेत. वाद मिटलेला नाही.

आपल्याजवळ मात्र एक पक्का पुरावा आहे. मूळ वनस्पती मिळेनाशी झाल्यावर काय वापरावे, हे ब्राह्मणग्रंथांनीच सांगून ठेवले. पुढे सोमयागांत सोमवल्ली नावाची पानरहित वेल आली. वस्तू बदलली, विधी राहिला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आपणांस ही तडजोड निराळी समजावून सांगायला नको. म्हणूनच वॅसन यांचा तर्क आवडला तरी त्याला तर्कच म्हणावे. गमावलेल्या वस्तूच्या जागी भलतीच वस्तू ठामपणे बसवण्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवणे अधिक प्रामाणिक.