एका पाषाणस्तंभाचा प्रवास

रोमला जाऊन आलेल्या आमच्या ख्रिस्तबांधवांच्या छायाचित्रांत संत पेत्राच्या चौकातील उंच, निमुळता दगडी स्तंभ बहुधा असतोच. तो तेथे आला कसा, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. वस्तुतः १५८६ साली त्याला तेथे आणण्याचा जो प्रसंग घडला, तो पाहण्यास सारे रोम लोटले होते.

स्तंभ मूळचा इजिप्तमधला. लालसर ग्रॅनाइटचा, सुमारे २५ मीटर उंच आणि सव्वातीनशे टनांच्या घरात वजनाचा. त्यावर इजिप्शियन चित्रलिपीचे एक अक्षरही नाही. पहिल्या शतकात सम्राट कॅलिग्युलाने तो जहाजाने रोमला आणविला. जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी मसूर भरले होते, असे प्लिनी लिहितो. (रोमच्या सम्राटाला मसुराची अशीही गरज पडावी, याची आम्हांला मौज वाटते.) पुढे व्हॅटिकन टेकडीजवळच्या सर्कशीत, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानात, तो उभा राहिला. नीरोच्या छळात संत पेत्राने प्राण अर्पिले ते याच परिसरात, अशी परंपरा आहे. रोममधील प्राचीन स्तंभ एकामागून एक कोसळले; हा एकटाच उभा राहिला.

पोप पाचवे सिक्स्टस १५८५ मध्ये परमगुरुपदी येताच त्यांनी स्तंभ नव्या महामंदिरासमोर हलविण्याचे ठरविले. अंतर जेमतेम अडीचशे मीटर. परंतु एवढा अखंड दगड न मोडता आडवा करणे, वाहणे व पुन्हा उभा करणे कोणालाही साधेल असे वाटत नव्हते. सुमारे पाचशे जणांनी योजना मांडल्या. ४२ वर्षांच्या दोमेनिको फोंताना यांनी लाकडी सांगाडा व शिशाचा छोटा स्तंभ करून प्रात्यक्षिकच दाखविले, आणि काम त्यांना मिळाले.

दिनांक ३० एप्रिल १५८६. पहाटे मिस्सा झाली. आदल्या दिवशी पापनिवेदन केलेल्या कामकऱ्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले. मग ९०७ माणसे, ७५ घोडे आणि दोर ओढणारे ४० रहाट आपापल्या जागी सिद्ध झाले. स्तंभाभोवती चटया, फळ्या व लोखंडी पट्ट्या बांधल्या होत्या. तुतारी वाजली की ओढायचे, घंटा वाजली की थांबायचे. हे सूर सर्वांच्या कानी पडावेत म्हणून पोपमहोदयांची सक्त आज्ञा होती: कुंपण ओलांडील त्यास देहदंड, आवाज करील त्यास कडक शिक्षा. गर्दी स्तब्ध होती. बारा खेपांत दगड दोनेक फूट वर उचलला गेला. त्या दिवशी काही लोखंडी पट्ट्या तुटल्या वा सरकल्या. दोर मात्र टिकले.

७ मे रोजी स्तंभ आडवा निजविण्यात आला. त्याच्या टोकावरील पितळी गोळ्यात ज्युलियस सीझरची रक्षा आहे, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. फोंताना यांनी तो तपासला. गोळा अखंड ओतलेला निघाला; १५२७ च्या लुटीत सैनिकांनी झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांतून शिरलेली धूळ तेवढी आत होती! पुढे मातीच्या उंच भरावावरून, गोल ओंडक्यांवर स्तंभ ओढत नेला, आणि १० सप्टेंबर रोजी सुमारे ८०० माणसे व १४० घोडे लावून सूर्यास्ताच्या सुमारास उभा केला. २६ सप्टेंबरला त्याच्या माथ्यावरील क्रूसाला आशीर्वाद देण्यात आला.

या दिवसाची एक कथा फार लोकप्रिय आहे. घर्षणाने दोर तापून तुटू लागले, तेव्हा ब्रेस्का नावाच्या खलाशाने शिक्षेची पर्वा न करता ‘दोरांवर पाणी टाका’ असे ओरडून सांगितले. बक्षीस म्हणून पाम रविवारच्या झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्याला मिळाला. अंबाडीसारख्या धाग्यांचा पीळदार दोर भिजला की आखडतो, हे खरे. परंतु फोंताना यांनी १५९० साली प्रसिद्ध केलेल्या सविस्तर ग्रंथात या प्रसंगाचा उल्लेख नाही. बारीकसारीक खर्च टिपणारा माणूस एवढी गोष्ट विसरेल, असे आम्हांस वाटत नाही. तरीही कथा टिकली, याचे आम्हांला नवल नाही. नऊशे माणसांतील एकाचेही नाव लोकांच्या ओठी नव्हते. एक नाव लोकांनी स्वतःच ठेवून घेतले.

फोंताना यांना बहुमान मिळाला; परंतु १५९० मध्ये पोप निवर्तले, आठव्या क्लेमेंट यांच्या काळात त्यांचे पद गेले आणि ते नेपल्सला निघून गेले. तेथेच १६०७ साली त्यांचा अंत झाला.

एक गोष्ट आम्हांला सलते. पेत्राच्या मरणाचा साक्षीदार म्हणून ज्या दगडाचा गौरव झाला, त्यालाच साक्षीच्या जागेवरून हलविले गेले. ती मूळ जागा महामंदिराच्या दक्षिण बाजूस, रोमच्या आद्य हुतात्म्यांच्या नावाच्या छोट्या चौकात आहे. तेथे जमिनीत एक शिला बसविलेली आहे. यात्रेकरू तिकडे क्वचितच जातात.